आजीकडे राहणारे मूल आणि दोन जिल्ह्यांमधली हद्द

खानवेलहून उधव्याकडे जाणारा रस्ता दादरा नगर हवेलीतल्या खेरडीतून जातो. कारखान्यांच्या भिंती मागे पडतात, शेते लागतात आणि पुढे हद्द ओलांडली की पालघर जिल्ह्यातला तलासरी तालुका. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांना ही हद्द कधी आड आली नाही. खेरडीची लेक पलीकडे दिलेली असते, पलीकडची सून इकडे आलेली असते; लग्नाच्या मांडवात आणि भाताच्या लावणीला माणसे दोन्हीकडून येतात. हद्द आड येते ती एका प्रसंगी. आई किंवा बाप जातो, नाहीतर दोघेही जातात, मूल आजीकडे किंवा मामाकडे नेले जाते आणि त्या मुलाचा कागद सिल्वासाच्या कचेरीत ठेवायचा की पालघरच्या, हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

या व्याख्यानाचा विषय आहे तो अशा मुलांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरांचा. त्यांच्यासाठी सेवा आखायच्या कशा आणि त्या चांगल्या चालल्या आहेत हे ओळखायचे कशावरून, एवढाच प्रश्न आज घेतला आहे.

कायदा दोन्ही बाजूंना एकच आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. त्यातले कलम ४४ प्रतिपालकत्वाचे, म्हणजे लोक ज्याला फॉस्टर केअर म्हणतात त्याचे. मुलाच्या जन्मदात्या कुटुंबाखेरीज दुसऱ्या एखाद्या कुटुंबात, ते पारखून, मंजूर करून आणि देखरेखीखाली ठेवून, बाल कल्याण समिती मुलाला राहायला पाठवते. दत्तकात नाते कायमचे जुळते. इथे तसे नाही. जन्मदात्यांचा हक्क उरतो, समितीने कारण देऊन नाकारले नसेल तर त्यांना मुलाला भेटता येते आणि परिस्थिती सुधारली तर मूल परतही जाऊ शकते. कलम ४५ प्रायोजकत्वाचे. मूल आईजवळ किंवा नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या खाण्यापिण्याला, शिक्षणाला, औषधपाण्याला पैशांचा आधार मिळतो. आजीकडे राहणारे मूल बहुतेक वेळा या दुसऱ्या कलमात बसते.

पैसा कुठून येतो हेही पाहू. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्व दोन्हींसाठी दर मुलामागे दरमहा ४,००० रुपये आहेत. विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशात हा सगळा खर्च केंद्र उचलते, म्हणून दादरा नगर हवेलीला राज्याच्या तिजोरीची वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्रात ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. पण महाराष्ट्राची आपली एक जुनी योजना आहे, बालसंगोपन. संस्थेत न ठेवता घरीच मूल वाढावे म्हणून कुटुंबाला मदत देण्याचा विचार या राज्याने केंद्राच्या कितीतरी आधी केला होता आणि त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. मात्र वर्षानुवर्षे ही मदत दरमहा ४२५ रुपयांवर अडकून राहिली. कोविडने शेकडो घरांतले कर्ते माणूस नेले, त्या २०२१ साली ती १,१०० झाली आणि २०२३ मध्ये २,२५०. योजनेला नाव मिळाले क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांचे. हे नाव योग्य ठिकाणी पडले आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथे एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंतला आपला मुलगा म्हणून वाढवून डॉक्टर केले. परक्या मुलाला घरात घेणे म्हणजे काय, हे त्या दोघांनी स्वतःच्या घरात करून दाखवले होते.

आता आखणीकडे. सरकारी आखणी सुरू होते ती समितीसमोर आलेल्या मुलांपासून. सापडलेले, पळून आलेले, पोलिसांनी किंवा १०९८ वर आलेल्या फोनवरून आणलेले मूल चोवीस तासांत समितीपुढे उभे करायचे, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, चार महिन्यांत अंतिम आदेश, हा कायद्याचा क्रम आहे आणि तो बरोबरच आहे. पण आजीने ज्या रात्री नातवंडाला कडेवर घेऊन आपल्या घरी आणले, त्या रात्री ते मूल कुठल्याच समितीपुढे आले नाही. पुढेही येत नाही. आजीच्या दृष्टीने त्यात समितीचा काय संबंध? पोर आपलेच आहे. म्हणून आखणीच्या कागदावर हे मूल नसते. ज्या कुटुंबांनी सरकारचे काम आपण होऊन अंगावर घेतले, नेमकी तीच मोजणीतून सुटतात.

ती सापडत नाहीत असे मात्र नाही. अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षणात ती आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात पालकाच्या रकान्यात आईबापांऐवजी मामाचे किंवा आजोबांचे नाव असते. आशाताईला कुठल्या घरातली बाई बाळंतपणात गेली ते पाठ असते. रेशनकार्डावर नाव चढलेले नसलेले पोर दुकानदाराला माहीत असते. गाव पातळीवर बाल संरक्षण समिती असावी असे मिशन वात्सल्य सांगते. या समितीने वर्षातून एकदा एवढ्या चार ठिकाणी विचारपूस केली तरी गावातली यादी तयार होईल. त्याला नवे ॲप लागत नाही, नवी भरती लागत नाही.

यादी झाली की माणूसबळाचा हिशेब येतो आणि तिथे आजची रचना लंगडी आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा आकृतिबंध जिल्ह्याला धरून ठरलेला आहे: एक जिल्हा अधिकारी, संस्थांतल्या मुलांसाठी एक संरक्षण अधिकारी, संस्थाबाह्य सेवांसाठी एक, दोन समाजकार्यकर्ते, दोन क्षेत्रकार्यकर्ते आणि कचेरीची मंडळी. २०११ च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती. पालघर जिल्हा त्यानंतर, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच जनगणनेप्रमाणे त्यातल्या तालुक्यांची लोकसंख्या तीस लाखांच्या घरात जाते. आकृतिबंध मात्र दोघांना एकच. म्हणजे हद्दीच्या अलीकडे साडेतीन लाख लोकांमागे घरोघर राहणाऱ्या मुलांचा एक संरक्षण अधिकारी, पलीकडे तीस लाखांमागे एक, आणि त्या तीस लाखांत जव्हार-मोखाड्याचे डोंगरी पाडे आले.

कायदा तर म्हणतो की प्रतिपालक कुटुंबाची तपासणी दर महिन्याला झाली पाहिजे आणि ती समितीने केली पाहिजे. समितीत अध्यक्ष धरून पाच जण. महिन्यात किमान वीस दिवस त्यांनी बसायचे, प्रकरणे ऐकायची, आदेश लिहायचे. जिल्ह्यात चाळीस मुले प्रतिपालक घरांत असली तर त्याच पाच जणांनी त्याच महिन्यात चाळीस घरांच्या पायऱ्या चढायच्या. मग होते काय, तर तपासणीचा नमुना कचेरीत बसून भरण्याचा मोह होतो. या कामाचा खर्च धरताना गाडीचे पेट्रोल आणि माणसाचा दिवस या दोन गोष्टी आधी धराव्यात. मुलाच्या खात्यात जाणारे ४,००० रुपये पाठवायला तुलनेने सोपे असतात.

भेट झाली नाही तर काय घडू शकते, याचे उदाहरण फार लांबचे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली मुले मेंढ्या राखण्यासाठी परजिल्ह्यात मेंढपाळांकडे ठेवली गेली होती. मोबदला एखादी मेंढी आणि थोडेसे पैसे. २०२२ च्या सप्टेंबरात त्यांतली दहा वर्षांची एक मुलगी मेली, तेव्हा हा प्रकार उघडा पडला. पोलिसांनी वेठबिगारीचे गुन्हे नोंदवले, श्रमजीवी संघटनेने आवाज उठवला आणि एकामागून एक मुले परत आणली गेली. कागदावर पाहिले तर याही मुलांना ‘दुसऱ्या कुटुंबात राहायला’ पाठवले होते. फरक इतकाच होता की ते घर कुणी पारखले नव्हते, कुणी मंजूर केले नव्हते आणि मूल कसे आहे हे पाहायला कुणीही गेले नव्हते. आईबापांच्या माथी दोष मारून हा विषय संपवणे फार सोपे आहे. ज्या घरात दोन वेळच्या अन्नाची खात्री नाही त्या घराला ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व त्या आधी पोचले असते तर ती मुलगी वस्तीवर राहिली असती, असे म्हणायला पुरेपूर जागा आहे.

आता ब्रिटनमधली एक जुनी गोष्ट, कारण ती खेरडीसारख्या हद्दीवरच्या गावाला जास्त लागू पडते. वेल्समधल्या न्यूपोर्ट गावच्या डेनिस ओनील या मुलाला नगरपालिकेने भावासह प्रतिपालक घरी ठेवले. ते घर होते दुसऱ्या जिल्ह्यात, श्रॉपशायरमधल्या मिन्स्टर्ली इथल्या एका शेतावर. ठेवणारी कचेरी एका ठिकाणी, घर दुसऱ्याच्या हद्दीत. देखरेख कुणी करायची यावर दोन कचेऱ्यांत पत्रे फिरत राहिली. डिसेंबर १९४४ मध्ये न्यूपोर्टहून एक कर्मचारी बाई त्या शेतावर जाऊन आल्या आणि मुलाला तिथून हलवावे असे त्यांनी कळवले. नाताळच्या सुट्ट्या आडव्या आल्या. ९ जानेवारी १९४५ रोजी बारा वर्षांचा डेनिस मारहाणीने आणि उपासमारीने मेला. सर वॉल्टर मंक्टन यांनी चौकशी केली, कर्टिस समितीही नेमली गेली आणि १९४८ साली ब्रिटनमध्ये बालकांचा नवा कायदा आला, ज्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला मुलांसाठी वेगळी समिती आणि वेगळा अधिकारी नेमायला लावला.

मंक्टन अहवालाने दाखवले ते असे की कायदा होता, नमुने होते, पगारी नोकरही होते. पण एका मुलासाठी नावानिशी जबाबदार असा एक माणूस नव्हता. सिल्वासा आणि पालघर यांच्यामध्ये आज जे मूल राहते, त्याच्याबाबत हाच प्रश्न विचारायला हवा. बाप खेरडीच्या कारखान्यात कामाला असताना गेला, मृत्यूचा दाखला इकडचा. आई दुसरे घर करून गेली. मूल तलासरीत आजीकडे. त्याचे आधार इकडच्या पत्त्यावर, जातीचा दाखला काढायचा तर कागद इकडचे, आणि शाळा तिकडे मराठी माध्यमाची, जेव्हा पहिली-दुसरी त्याने इकडे गुजराती माध्यमात काढली आहे. कलम ९५ प्रमाणे, मुलाच्या हिताचे असेल तर, एका समितीला दुसऱ्या जिल्ह्याच्या समितीशी विचारविनिमय करून मूल आणि त्याचे कागद तिकडे सोपवता येतात. तरतूद आहे. ती समितीपुढे आलेल्या मुलासाठी आहे, आणि आजीकडचे मूल समितीपुढे येत नाही, हे वर सांगून झालेच आहे.

घर विरुद्ध संस्था या वादात एका अभ्यासाचा उल्लेख टाळता येत नाही. रोमानियात चाउशेस्कूच्या राजवटीनंतर हजारो मुले सरकारी अनाथालयांत सापडली. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी २००० च्या सुमारास बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुले प्रतिपालक कुटुंबांत गेली, बाकीची होती तिथे राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, माणसाशी जुळवून घेण्याची ताकद अधिक वाढली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सगळ्यांत जास्त. हा निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो. त्याहून कमी सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. तिथल्या प्रतिपालक कुटुंबांना मानधन होते आणि समाजकार्यकर्ते त्यांच्या दारी सतत जात होते. आणि पुढे किशोरवयापर्यंत पाहिल्यावर दिसले की ज्यांचे घर टिकले ती मुले सावरली. ज्यांना घरे बदलावी लागली त्यांना तो फायदा तितका लाभला नाही. भारतात प्रतिपालकत्व साधारण सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे, त्याहून लहानांना दत्तक कुटुंब मिळावे अशी दिशा आहे. म्हणजे इथे घरी येणारे मूल आधीच बरेच काही सोसून आलेले असते. त्याला घर टिकण्याची गरज जास्त.

२०२४ मध्ये केंद्राने प्रतिपालकत्वाच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. आता विवाहित जोडप्यांबरोबर अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशी ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही मूल सांभाळायला पुढे येऊ शकते. एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा दिला जातो. आधी पाच वर्षे सांभाळल्यावर त्या मुलाला दत्तक घेता येत असे, आता दोन वर्षांनी येते. ही चांगली सुधारणा आहे आणि ती गावोगाव सांगायला हवी, कारण निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या परिचारिका अशा कितीतरी बायकांना आपण या कामाला चालू शकतो हे ठाऊकच नाही.

चालण्याचा प्रश्न निघाला की कुटुंबाची पारख आली. गृहचौकशीच्या नमुन्यात उत्पन्न, खोल्या, आरोग्य, पोलीस पडताळणी विचारली जाते. कुडाच्या घरात राहणारे वारली कुटुंब या कसोटीवर नापास होऊ नये. कायदाच सांगतो की कुटुंबाची क्षमता, हेतू, ऐपत आणि मुले सांभाळण्याचा पूर्वीचा अनुभव पाहायचा. जिने पाच पोरे वाढवली तिच्याजवळ अनुभव आहे. चौकशी करणाऱ्याने तिच्या घरात अर्धा दिवस बसून पाहावे. मूल रडले तर कुणाकडे जाते, ताटात पहिल्यांदा कुणाला वाढले जाते, आधीच्या पोरांशी ते भांडते की त्यांना घाबरते, हे सिमेंटच्या भिंतीपेक्षा महत्त्वाचे आहे.

इथून फार लांब नसलेल्या कोसबाडला हे सगळे एकदा फार सुंदर रीतीने आखून झाले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांनी पाड्यावर जाऊन शोधले. मोठी बहीण धाकट्याला सांभाळत होती आणि भाऊ गुरांमागे जात होता. मग त्यांनी धाकट्यासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी आणि मोठीसाठी शाळा एका आवारात आणली. या रचनेला विकासवाडी म्हणतात. गुराख्यांसाठी शाळा कुरणावर नेली, ती कुरणशाळा. अंगणात भरवलेल्या बालवाडीला अंगणवाडी म्हटले आणि पुढे तो शब्द देशभर गेला. पाड्यावरचे कुटुंब जसे जगते तशी त्यांनी सेवा आखली. प्रतिपालनाच्या आखणीला इतके जवळचे आणि इतके तपासून झालेले उदाहरण दुसरे नाही. भावंडे एकत्र ठेवण्याचा पुरेपूर प्रयत्न करावा असे आज कलम ४४ म्हणते; विकासवाडीत भावंडे एकत्र राहिली तरच मोठी शिकते हे त्या दोघींनी पाहिले होते.

सेवेचे मूल्यमापन करायचे तेव्हा कचेऱ्या साधारणपणे दोन आकडे देतात: किती मुलांना मंजुरी मिळाली आणि किती निधी खर्च झाला. हे आकडे हवेतच. त्यांवरून मुलाबद्दल मात्र काहीच कळत नाही. अमेरिकेत राज्यांच्या बालसेवांची तपासणी तीन गोष्टींवर होते: मूल सुरक्षित आहे का, त्याचे राहणे स्थिर आहे का, ते बरे वाढते आहे का. या तिन्ही गोष्टी खेरडीच्या मापाने विचारता येतात. अर्ज दिल्यापासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत किती महिने गेले? हप्ता दरमहा येतो की वर्षाचा एकदम, जेव्हा त्याचा जून महिन्यातल्या दप्तराला उपयोग राहिलेला नसतो? गेल्या वर्षात मुलाने किती घरे आणि किती शाळा बदलल्या? भावंडे एकत्र आहेत का? जिवंत असलेली आई त्याला कधी भेटली? दर महिन्याच्या भेटींपैकी खरोखर किती झाल्या, आणि त्यांत किती वेळा मुलाशी एकट्याने बोलणे झाले? त्याच्या भाषेत बोलणारे कुणी होते का? वारली बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला हिंदीत ‘सब ठीक है?’ विचारले तर ती मान हलवणारच.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये तमिळनाडूतल्या अनाथालयांच्या प्रकरणात प्रत्येक मुलाची स्वतंत्र काळजी योजना हवी आणि संस्थांचे सामाजिक अंकेक्षण हवे असे बजावले. संस्थेला भिंत आणि फाटक असते, तिथे तपासनीस जाऊ शकतो. घरोघर पांगलेल्या मुलांचे अंकेक्षण अवघड आहे आणि म्हणूनच ते ग्रामसभेसारख्या जवळच्या ठिकाणी व्हायला हवे. मात्र मुलांची नावे तिथे जाहीर वाचायची नाहीत. किती अर्ज गेले, किती अडले, कुठल्या कागदासाठी अडले, एवढे सांगितले तरी लोक पुढचा रस्ता स्वतः काढतात.

अठरा पूर्ण झाल्यावरचे मूल हा या सेवेचा सगळ्यांत दुबळा भाग आहे. कलम ४६ अनुरक्षणासाठी, म्हणजे अठरानंतरच्या आधारासाठी, आर्थिक मदतीची सोय करते, पण ती संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना लक्षात ठेवून लिहिलेली आहे. आजीकडे वाढलेला मुलगा अठराव्या वर्षी प्रायोजकत्वातून बाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशी खानवेल रस्त्यावरच्या कारखान्याच्या फाटकावर कंत्राटदारापुढे उभा राहतो. आयटीआयची दोन वर्षे त्याच्या हाती पडावीत एवढी तरतूद प्रशासनाने आपल्या अखत्यारीत केली, तर तिचा खर्च मोठा नाही.

एक काम लगेच करण्यासारखे आहे. सिल्वासा आणि पालघर, दोन्हीकडच्या बाल कल्याण समित्यांनी आणि संरक्षण कक्षांनी दर तीन महिन्यांनी एकत्र बसावे, एकदा खानवेलला, एकदा तलासरीला. हद्दीवरच्या गावांतल्या प्रत्येक मुलापुढे एका कर्मचाऱ्याचे नाव आणि फोन नंबर लिहावा, मग तो कुठल्याही बाजूचा असो. कागद कुणी पुरे करायचे आणि भेटीला कुणी जायचे ते तिथेच ठरवावे आणि त्याची प्रत आजीच्या हातात द्यावी. पहिली बैठक शाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यात झाली तर बरे, आणि तिला येताना खेरडी व उधवा इथल्या मुख्याध्यापकांनी आपापली जनरल रजिस्टरे सोबत आणावीत. पालकाच्या रकान्यात आजी, मामा, काका लिहिलेली मुले त्यांत वर्षावार नोंदलेली आहेत. कामाला तिथून सुरुवात करता येईल.